चार मैल राहिले होते…

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत लिहायची सवय दहावीनंतर सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट एका मराठी फायटर पायलटची आहे, म्हणून ती इंग्लिश सेक्शनला द्यायला मन तयार होईना.

ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांचं १० ऑगस्ट २०२५ ला निधन झालं. त्याच आठवड्यात माझा रूममेट एसएसबीहून परत आला. पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट. आल्या आल्या त्यानं तयारीची सगळी पुस्तकं कॉटखाली ढकलली आणि पांघरूण घेऊन झोपला. मी मेसमधून आणलेला पेपर त्याला वाचून दाखवला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "पण शेवटी पकडलेच गेले नं? मग काय उपयोग?" मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे तेच राहिलेलं उत्तर.

पारुळकर १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झाले. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबारात त्यांच्या विमानाला मार बसला आणि त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. लीडरनं सांगितलं, विमान सोडून उडी मार. त्यांनी ते मोडकं विमान तसंच चालवत तळावर परत आणलं. त्याबद्दल त्यांना वायुसेना मेडल मिळालं.

१९७१ च्या युद्धात ते सुखोई-७ चालवत होते. हे एका इंजिनचं रशियन विमान, जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करणारं. त्यासाठी खूप खाली यावं लागतं आणि खाली आलं की जमिनीवरच्या तोफांच्या टप्प्यात सापडतं. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं विमान पाडलं गेलं. पॅराशूटनं ते पाकिस्तानात उतरले आणि युद्धकैदी झाले.

त्यांना रावळपिंडीच्या कॅम्पमध्ये ठेवलं होतं. तिथं आपले आणखीही पायलट होते. युद्ध डिसेंबरातच संपलं. पुढे जुलै १९७२ मध्ये सिमला करार झाला, तरी सुटकेची तारीख कुणी सांगेना. पारुळकरांनी ठरवलं, वाट बघत बसायचं नाही. पळायचं.

इथं एक नियम माहीत असायला हवा. मलाही तो आधी माहीत नव्हता. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्यानं पळण्याचा प्रयत्न करणं हा मोठा गुन्हा धरत नाहीत. पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, तीही जास्तीत जास्त तीस दिवस. पळण्यासाठी साधे कपडे घातले किंवा खोटी कागदपत्रं केली तरी तेवढंच, फक्त कुणावर हात उचलायचा नाही. अर्थात हा सगळा कागदावरचा नियम झाला. अंधारात पळणाऱ्याला बघून पहारेकरी करार वाचत बसत नाही, सरळ गोळी घालतो. धोका खराच होता.

आता आपल्या ब्रँचच्या कामाचा भाग. फायटर पायलट जी-सूट घालतो. विमान जोरात वळलं की शरीरातलं रक्त पायांकडे खेचलं जातं, मेंदूला कमी पडतं आणि पायलट बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून सूटमध्ये पायांभोवती आणि पोटाभोवती रबरी पिशव्या असतात. वळताना त्यांत हवा भरते, त्या घट्ट आवळतात आणि रक्त वरच टिकून राहतं. या पठ्ठ्यांनी त्याच रबराच्या पाणी न्यायच्या पिशव्या केल्या! सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनवलं. भिंतीच्या विटांमधला चुना-सिमेंट रोज थोडाथोडा खरवडून काढला. यात इतर कैद्यांनीही मदत केली. त्यातल्या बऱ्याच जणांना आपण स्वतः पळणार नाही हे माहीत होतं.

१३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर, वादळी पावसात, तिघं त्या भोकातून बाहेर पडले : पारुळकर, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. भारताची सीमा जवळ होती, पण तिथं सैन्य आणि सुरुंग. म्हणून त्यांनी उलटी दिशा धरली, अफगाणिस्तानची. बसनं पेशावर, तिथून पुढे खैबर खिंडीतलं लांडी कोतल. सकाळपर्यंत ते तिथं पोचलेसुद्धा. सीमा साधारण चार मैलांवर राहिली होती.

तिथं त्यांनी विचारलं, लांडी खानाला कसं जायचं? त्यांच्याकडच्या नकाशात ते रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं. पण नकाशा जुना होता. लांडी खानापर्यंतची रेल्वे १९३२ मध्येच बंद झाली होती, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी. आमच्या लातूरला पूर्वी बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी यायची. आता ब्रॉडगेज आहे. आज कुणी अनोळखी माणसानं चौकात येऊन विचारलं, "बार्शी लाइट कुठून सुटते हो?" तर आपण त्याला आधी खालून वर बघू आणि मग विचारू, "पाहुणे, कुठले तुम्ही?" अगदी तेच झालं. त्या काळात पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेनं अफगाणिस्तानात निसटत होते, त्यामुळे लोकांना लगेच संशय आला. तिघांना धरून तहसीलदारापुढे नेलं.

तिथं त्यांचं काहीही होऊ शकलं असतं. पारुळकरांनी डोकं शांत ठेवलं. कॅम्पचे आधीचे प्रमुख, स्क्वाड्रन लीडर उस्मान, आता पाकिस्तानी हवाई दल प्रमुखांच्या कार्यालयात होते. त्यांना फोन लावायला सांगितलं. उस्माननी फोनवर सांगितलं की ही आमची माणसं आहेत, त्यांना धक्का लावू नका. एका शत्रूच्या शब्दामुळे तिघांचा जीव वाचला. मग एकांतवासाची शिक्षा, मग लायलपूरची जेल. १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघा सीमेवरून परत आले.

म्हणजे रूममेटचं म्हणणं खरंच आहे. हिशेबच केला तर पळून काही मिळालं नाही. उलट शिक्षा झाली आणि घरी आले ते बाकीच्यांच्याच बरोबर.

पण हवाई दलानं काय केलं बघा. या फसलेल्या प्रयत्नाबद्दल पारुळकरांना विशिष्ट सेवा मेडल दिलं. पुढे एअर फोर्स अकॅडमीत ते इन्स्ट्रक्टर झाले आणि खडकवासल्याच्या एनडीएत बटालियन कमांडर. ज्याचा प्लॅन चार मैल आधी फसला, त्याच्याच हाती नवीन पोरं घडवायला दिली! रिझल्टवर मार्क द्यायचे असते तर हे झालं नसतं. कैदेत माणूस हातपाय गाळून बसला नाही, मिळेल त्यातून काहीतरी बनवत राहिला आणि सोबत्यांनाही त्यानं कामाला लावलं. मार्क त्याला होते. नंतर फेथ जॉन्स्टन यांनी या पलायनावर पुस्तक लिहिलं आणि २०१९ मध्ये चित्रपटही आला.

चूक झाली नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या नकाशावर भरवसा ठेवला, ही चूकच. आपणही मागच्या बॅचच्या झेरॉक्स नोट्सवर असाच भरवसा ठेवतो. तो धडा वेगळा घ्यावा.

हे सगळं लिहून झाल्यावर रूममेटला वाचायला दिलं. त्याला एक गोष्ट मुद्दाम सांगितली. पायलटची मशीनवरची सिलेक्शन टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते, पण तो तिथपर्यंत पोचलाच नव्हता. म्हणजे ती संधी अजून शाबूत आहे. तो काही बोलला नाही. दोन दिवसांनी सबमिशनची फाइल शोधायला मी वाकलो, तर कॉटखालची पुस्तकं टेबलावर आली होती. मीही काही विचारलं नाही.