गोगलगायीची बशी किती खोल?

इजिप्तमधून आणलेली एक वाळवंटी गोगलगाय १८४६ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रिकामा शंख समजून पुठ्ठ्यावर चिकटवली गेली. १८५० मध्ये कुणाला तरी शंखाच्या तोंडाशी ताजा पापुद्रा दिसला. शंख कोमट पाण्यात ठेवला, तर आतला जीव चक्क चालू लागला! चार वर्षं पाण्यावाचून काढणाऱ्या या घराण्यातली पाळीव गोगलगाय बशीभर पाण्यात मरू शकते, हे म्हणूनच खरं वाटत नाही.

कारण तिच्या श्वासात आहे. जमिनीवरच्या ज्या गोगलगायी लोक पाळतात, त्यांना कल्ले नसतात, फुप्फुसाचं काम करणारी एक पोकळी असते. तिचं छिद्र शंखाच्या कडेलगत, बहुधा उजव्या अंगाला. नीट पाहिलं तर ते सावकाश उघडताना-मिटताना दिसतं. पाण्याखाली गेल्यावर ती छिद्र मिटून घेते आणि काही काळ निभावते. पण तिचं रक्त गोड्या पाण्यापेक्षा खारट असल्यामुळे पाणी कातडीतून आत शिरत राहतं. अंग फुगतं, स्नायू ढिले पडतात आणि बशीचा काठ चढायची ताकदच उरत नाही. तेव्हा मोजायचं ते एवढंच: पाय तळाला टेकवून ती चालत असताना शंखाचं तोंड पाण्याबाहेर राहिलं पाहिजे.

मुळात तिला खोल पाणी लागतच नाही. ती तोंडानं पिते, पण पायानंही पिते. डेव्हिड प्रायर या संशोधकानं १९८०च्या दशकात बिनशंखाच्या गोगलगायींवर हे तपासलं. सुकलेला प्राणी ओल्या पृष्ठभागावर पाय पसरून निवांत बसतो, पाणी कातडीतून शोषतो आणि रक्त पुरेसं पातळ झालं की आपणहून उठून जातो. ओला कागदसुद्धा त्याला पुरतो.

आकार बदलला की गणितही बदलतं. आफ्रिकी राक्षसी गोगलगायीचा शंख दहा सेंटिमीटरच्या आसपास सहज जातो. ब्रिटनमध्ये ती हौसेनं पाळतात. तिला अख्खा पाय मावेल अशी पसरट बशी हवी, कुंडीखाली ठेवतात तशी. मात्र हलकी बशी तिच्या वजनानं उलटते आणि जड चिनी मातीची ठेवली तर डब्याच्या छतावरून सुटलेला शंख त्यावर आपटून तडकतो. माझं मत विचाराल, तर जाड प्लॅस्टिकची बशी मातीत थोडी रोवावी, पाण्यात माती आली तरी चालेल. युरोपातल्या बागेतली तपकिरी गोगलगाय तीन-चार सेंटिमीटरची, तिला बरणीचं उथळ झाकण पुरतं. आणि नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या, पाचेक मिलिमीटरच्या पिल्लांना बशी देऊच नये. इतक्या लहान जिवाला पाण्याचा पृष्ठताण डिंकासारखा धरून ठेवतो. शिवाय वजनाच्या मानानं त्यांचं अंग जास्त उघडं, म्हणून ती लवकर सुकतात. त्यांना ओलं शेवाळ द्यावं आणि डब्याच्या भिंतींवर पाणी फवारावं.

भांडं तांब्याचं किंवा पितळेचं नको. गंमत अशी, की गोगलगायीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात तांबंच असतं, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला विष आहे. गोगलगायी मारायच्या काही औषधांत तेच वापरतात. नळाच्या पाण्यातला क्लोरिन उडून जावा म्हणून ते रात्रभर उघडं ठेवावं. पाणी रोज बदलायचं, कारण ती त्यातच विष्ठा करते. बशी धुताना साबण नको, गरम पाणी आणि ब्रश पुरे.

आपल्याकडे हा राक्षसी प्रकार पाळायच्या फंदात मात्र पडू नये. विल्यम बेन्सन या साहेबानं १८४७ मध्ये मॉरिशसहून त्या कोलकात्यात आणल्या, आणि आज मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याला त्या वेचून मिठाच्या पाण्यात बुडवाव्या लागतात. पावसाळ्यात कुंडीतली एखादी साधी गोगलगाय मुलांनी काही दिवस डब्यात ठेवली, तर हरकत नाही. पण उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत गोगलगायींच्या अंगात वाढतो आणि माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. त्यामुळे हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत आणि तिच्या पाण्याचं झाकण पुन्हा स्वयंपाकघरातल्या बरणीला लावू नये.