पंखा चालू, तरी डोकं का तापतं?

मालेगाव असो की भिवंडी, पत्र्याच्या घरांत एप्रिल-मे महिन्यांत एकच तक्रार ऐकू येते. पंखा पाचवर आहे, तरी डोक्यावर कुणी निखारे धरल्यासारखं वाटतं. तक्रार अगदी खरी आहे.

उष्णता जास्त तापलेल्या वस्तूकडून कमी तापलेल्या वस्तूकडे जाते. कढईत ठेवलेला स्टीलचा चमचा हाताला चटका देतो, ते वहन. गरम हवा हलकी होऊन वर चढते, ते अभिसरण. तिसरा मार्ग प्रारणाचा. त्याला ना स्पर्श लागतो, ना हवा. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत अशीच येते. शेकोटीसमोर पाठीला गार वारा लागत असतो, तरी चेहरा भाजतो ना? तसंच.

उन्हात तापलेला पत्रा म्हणजे डोक्यावरची शेकोटीच. पंखा हवा हलवतो, प्रारण अडवत नाही. उलट छताजवळ साचलेली गरम हवा तो खाली आणतो. आराम मिळतो तो घाम सुकल्यामुळे. पण हवाच 40 अंश सेल्सियसच्या वर गेली, तर पंख्याने शरीर आणखी तापतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुजुर्गांना घाम कमी येतो, आणि तान्ह्या बाळाला तर काही सांगताच येत नाही. त्यामुळे दुपारी पंखा लावून दिला म्हणजे झालं, असं समजू नये. ओल्या कापडाने अंग पुसत राहावं.

खरा इलाज पत्रा तापू न देण्याचा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबाद महापालिकेने 2017 मध्ये वस्त्यांतील छतं पांढरी करण्याची मोहीम घेतली होती. चुना स्वस्त, पण लोखंडी पत्र्यावर फार टिकत नाही. जमल्यास छताचा पांढरा रंगच घ्यावा. जुन्या पत्र्यावर मात्र मुलांना चढवू नका. आतून मध्ये थोडी जागा सोडून बांबूची चटई बांधली, तरी प्रारण बरंच अडतं. थर्माकोल आम्ही सुचवणार नाही, तो झटकन पेट घेतो. भिंतीच्या वरच्या बाजूला झरोका असेल तर तो उघडा ठेवावा, गरम हवा तिथूनच निघते.

आणि एक. पातळ पत्रा सूर्यास्तानंतर लवकर निवतो, विटांची भिंत मात्र रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. दादीची खाट पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल, तर आजच दोन हात बाजूला सरकवा.