काउबॉयच्या गळ्यातली बांधणी

वेस्टर्न सिनेमा लागला की घरातल्यांचं लक्ष पिस्तुलाकडे आणि माझं नायकाच्या गळ्यातल्या रुमालाकडे. रंगखात्यात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? लाल जमीन, पांढरे ठिपके, कधी कडेने कोयऱ्या. हॅट नि बूट तिकडचे असतील, पण रुमालाचं घराणं आपल्याकडचं.

१८व्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी बंगालमधून बांधणीचे रेशमी रुमाल विलायतेला नेई. तपकीर ओढणाऱ्यांना ते भलतेच पसंत पडले, कारण गडद नक्षीत तपकिरीचे डाग दिसत नाहीत. कलेला आश्रयदाता कुठे भेटेल, सांगता येत नाही!

बांधणी करणारी बाई नखाने कापडाची इवलीशी चिमूट उचलते, तिला दोऱ्याचे घट्ट वेढे देते. मग कापड रंगात जातं. आवळलेल्या जागी रंग शिरत नाही. दोरा ओढून काढला की तिथे पांढरा ठिपका. प्रत्येक ठिपक्याला असा हात लागतो.

१९व्या शतकाच्या सुरुवातीला ग्लासगोच्या हेन्री मॉन्टीथच्या कारखान्यात हेच उलटं केलं गेलं. सुती कापड आधी ‘टर्की रेड’ या पक्क्या लाल रंगात रंगवायचं. मग त्याचे थर नक्षीची भोकं पाडलेल्या शिशाच्या पत्र्यांमध्ये प्रचंड दाबाखाली धरायचे आणि भोकांतून क्लोरीनचं पाणी सोडायचं. भोकाखालचा रंग उडतो, दाबलेला टिकतो. म्हणजे बांधणीत आवळलेलं पांढरं राहतं, इथे आवळलेलं लाल. नक्कल खरीच, पण ज्याला हे सुचलं त्याला मी मनातून सलाम करतो. कोयरीही तशीच काश्मिरी शालीवरून स्कॉटलंडातल्या पेस्लीच्या मागांवर गेली.

आता पुन्हा काउबॉयकडे. १८६७पासून काउबॉय टेक्ससची गुरं हाकत कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनच्या रेल्वेपर्यंत न्यायला लागले. कळपाच्या मागे चालणाऱ्याच्या वाट्याला सगळी धूळ. चौकोनी रुमाल तिरपा दुमडून गाठ मानेमागे मारली की पुढचं टोक चटकन नाकावर ओढता येतं. तोच घाम पुसायला, तोच जखमेवर बांधायला. पांढराशुभ्र रुमाल इथे दिवसभरही टिकला नसता. हवा होता मळखाऊ. तपकीरवाल्यांनाही तोच हवा होता.

हल्लीचे स्वस्त रुमाल नुसते छापलेले असतात. उलटे करून बघा, मागची बाजू फिकी दिसेल. अस्सल बांधणीत ठिपका आरपार असतो, आणि इस्त्री फिरेपर्यंत गाठीची चुणी बोटाला लागते.