बोर मॉरिशसचं आणि बाभूळ इजिप्तची? झाडांच्या नावांमागची अठराव्या शतकातली नोंद

सोलापुरातल्या बऱ्याच कॉलेजांच्या आणि बागांच्या आवारात झाडांवर पत्र्याच्या पाट्या असतात. वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव. त्या शास्त्रीय नावाच्या शेवटी 'एल.', 'लॅम.', 'रॉक्सब.' अशी तुटक अक्षरं असतात. वाचताना ती आपण सोडून देतो, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तर बरेच जण ती लिहीतही नाहीत. आजची पोस्ट या तुटक अक्षरांवर आहे. ती वाचता आली नाहीत तर माझ्यासारख्या माळरानाच्या वनस्पतींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचा सगळा तक्ता चुकू शकतो, आणि माळावर कुठलं झाड लावायचं हा निर्णयसुद्धा.

'एल.' म्हणजे कोण?

'एल.' म्हणजे कार्ल लिनियस. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा प्राध्यापक. १७५३ साली त्याचा 'स्पिशीज प्लांटारम' हा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. तोपर्यंत जगाला माहीत झालेल्या सुमारे ६,००० वनस्पती त्यात एका पद्धतीने मांडल्या होत्या. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव दिलं होतं: पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा, आणि दुसरा त्या जातीचा. त्याआधी एकेका झाडाचं लॅटिन नाव म्हणजे आख्खं वाक्य असायचं.

पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी ठरवलं की वनस्पतींच्या नावांचा हिशेब १७५३ पासून धरायचा. त्याआधीचं नाव कितीही जुनं असलं तरी ते नियमात बसत नाही. त्यामुळे आपल्या ओळखीची किती तरी झाडं 'अठराव्या शतकात पहिल्यांदा नाव मिळालेली' ठरतात. तरवड, रुई, बाभूळ, कडुनिंब, चिंच, डाळिंब, सीताफळ, करडई ही सगळी १७५३ च्या त्या एकाच पुस्तकात आहेत.

याचा अर्थ लिनियसने ती 'शोधली' असा होत नाही, हे वेगळं सांगायला नको. तो भारतात कधीच आला नाही. त्याच्यापुढे होते वाळवून दाबलेले नमुने, बागेत उगवलेली रोपं आणि आधीच्या लोकांनी काढलेली चित्रं.

त्या चित्रांमध्ये एक मोठा वाटा 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचा. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने तो करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. झाडांची माहिती पुरवली ती इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याने, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी पंडितांनी. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेलं आहे. सतराव्या शतकातल्या डच ग्रंथात आपली लिपी! लिनियसने भारतातल्या अनेक वनस्पतींना नाव देताना याच ग्रंथातल्या चित्रांचा हवाला दिला. पाटीवर मात्र 'एल.' एवढंच उरतं.

कंस का असतो?

आता ज्वारी घेऊ. सोलापूरकरांना दुसरं उदाहरण कशाला हवं? ज्वारीचं पूर्ण शास्त्रीय नाव 'सॉर्घम बायकलर (एल.) मोन्ख'.

कंसातला 'एल.' सांगतो की 'बायकलर' हा शब्द लिनियसचा, पण त्याने तो दुसऱ्याच आडनावाखाली दिला होता. १७७१ साली त्याने 'होल्कस बायकलर' असं लिहिलं. १७९४ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या कॉन्राड मोन्खने ते 'सॉर्घम' या प्रजातीत आणलं. म्हणजे कंसात मूळ नाव देणारा आणि कंसाबाहेर घर बदलणारा. सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुनी नोंद खोडून टाकत नाहीत, ती वाचता येते. तसंच हे.

गंमत अशी की १७५३ मध्येही लिनियसने ज्वारीचं एक नाव दिलं होतं, 'होल्कस सॉर्घम'. मग तो जुना शब्द का नाही वापरला? कारण त्याचं नवं नाव 'सॉर्घम सॉर्घम' झालं असतं, आणि वनस्पतींच्या नियमात एकच शब्द दोनदा चालत नाही. प्राण्यांमध्ये चालतो. नागाचं नाव 'नाजा नाजा' आहेच की.

कडुनिंबाचंही हेच झालं. १७५३ मध्ये तो 'मेलिया अझाडिराक्टा' होता. हा दुसरा शब्द फारसीतल्या 'आझाद दरख्त'वरून आलेला. त्याच्या शेजारीच, जवळजवळ तसंच ऐकू येणारं 'मेलिया अझेडराक', म्हणजे आपला बकाणा निंब. पुढे १८३० मध्ये आद्रियाँ द ज्यूस्यू याने कडुनिंबाची प्रजात वेगळी काढली आणि तिला 'अझाडिराक्टा' हेच नाव दिलं. आता 'अझाडिराक्टा अझाडिराक्टा' तर चालणार नाही, म्हणून दुसरा शब्द नवा आला, 'इंडिका'. त्यामुळे कडुनिंबाच्या पाटीवर 'एल.' नसतो, 'ए. ज्यूस.' असतो. झाड १७५३ पासून नोंदीत आहे, पण पाटी वाचून ते एकोणिसाव्या शतकातलं वाटतं.

बोराच्या नावात मॉरिशस कुठून आलं?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. बोराचं शास्त्रीय नाव 'झिझिफस मॉरिशियाना लॅम.' लॅम. म्हणजे फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क, साल १७८९. उत्क्रांतीच्या धड्यात जिराफाच्या मानेसोबत भेटतो तोच. त्याने मॉरिशस बेटाचं नाव बोराला दिलं.

खरं तर लिनियसने १७५३ मध्येच आपल्या बोराला 'ऱ्हॅम्नस जुजुबा' म्हटलं होतं. पुढे सगळी बोरं 'झिझिफस' प्रजातीत गेली, तेव्हा 'झिझिफस जुजुबा' हे नाव आधीच अडकलेलं निघालं. १७६८ मध्ये फिलिप मिलर या इंग्रज माळ्याने ते दुसऱ्याच एका बोराला, म्हणजे चिनी बोराला देऊन टाकलं होतं. एक नाव दोन जातींना देता येत नाही. मग आपल्या बोरासाठी पुढचं वैध नाव कोणतं, तर लामार्कचं 'मॉरिशियाना'.

म्हणून बोर मॉरिशसचं ठरतं का? नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात बोराचे अवशेष मिळालेत. ती माणसं जवळपास तीन हजार वर्षांपूर्वी बोरं खात होती.

बाभळीचंही तसंच. लिनियसने तिला 'मिमोसा नायलोटिका' म्हटलं, म्हणजे नाईलकाठची, कारण त्याच्यापुढची माहिती इजिप्तची होती. पण बाभूळ नाईलपासून भारतापर्यंत पसरलेली आहे आणि आपल्याकडच्या रूपाला 'इंडिका' हे उपजातीचं वेगळं नावही आहे.

उलटही होतं. चिंचेचं नाव 'टॅमरिंडस इंडिका एल.' अरबीतल्या 'तमर हिंदी'वरून, म्हणजे हिंदुस्थानची खजूर. नावात दोनदा भारत आला, पण चिंच मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे ती इतकी जुनी आहे की परकी वाटतच नाही, हा भाग वेगळा.

म्हणजे नावातलं गाव हा झाडाचा जन्मदाखला नव्हे. नाव देणाऱ्याला ते झाड कुठून कळलं, एवढंच ते सांगतं.

मग त्या नोंदीचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण नुसतं नाव वाचून भागत नाही. नाव देताना लिनियस प्रत्येक जातीखाली 'हॅबिटाट इन' म्हणून एक ओळ लिहायचा, ही वनस्पती कुठे राहते त्याची. ही ओळ उघडून बघितली की कधीकधी सगळं चित्र पालटतं.

गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, घ्या. 'पार्थेनियम हिस्टेरोफोरस एल.', १७५३. शेजारच्या तरवडाच्या नावापुढेही तोच 'एल.' आणि तेच साल. दोघांच्या नावात गावाचा उल्लेख नाही. पण गाजर गवताखालच्या ओळीत जमैका आहे. हे गवत पुण्यात नजरेला आलं ते १९५० च्या दशकात, म्हणजे नाव मिळाल्यावर दोनशे वर्षांनी.

वेडी बाभूळ तशीच. ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७८८ मध्ये तिला नाव दिलं, तेही जमैकातून. माळावर आणि रस्त्याकडेला लावली जाणारी ग्लिरिसिडिया, आपली उंदीरमारी, हिला १७६० मध्ये जॅकिनने नाव दिलं, दक्षिण अमेरिकेतल्या कार्ताहेनाहून.

सगळ्यात मजेशीर आहे ती एकदांडी. कुणी हिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. शेतात खरचटलं की हिचा पाला चुरगळून लावायचा, हे आपल्याकडे आजी-आजोबांपासून चालत आलेलं. लिनियसने १७५३ मध्ये हिच्याखाली लिहिलेलं ठिकाण आहे व्हेराक्रूझ, मेक्सिको. म्हणजे हा 'गावठी' उपाय ज्या झाडावर उभा आहे, ते समुद्र ओलांडून आलंय. लोकांनी ते ओळखलं, वापरून पाहिलं, त्याला तीन-तीन नावं दिली. परंपरा अशीही तयार होते.

माझ्या कामात हे कुठे अडतं

जिल्ह्यातल्या माळरानावर पूर्वी काय होतं आणि आज काय आहे, ही तुलना करायची तर जुनी यादी लागते. आपल्या भागासाठी मोठा आधार म्हणजे थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेला. त्यात बोर आहे 'झिझिफस जुजुबा' या नावाने, बाभूळ 'अकेशिया अरेबिका' आणि पळस 'ब्युटिया फ्रोन्डोसा'.

आज याच तिघांची नावं आहेत झिझिफस मॉरिशियाना, व्हॅचेलिया नायलोटिका आणि ब्युटिया मोनोस्पर्मा. दोन्ही याद्या संगणकाला देऊन 'फरक काढ' म्हटलं तर तो सांगेल, शंभर वर्षांत बोर, बाभूळ आणि पळस नामशेष झाले आणि तीन नव्या जाती उगवल्या! तीन झाडांचं हसू येतं, पण तीनशे जातींच्या यादीत अशी पन्नास नावं दडलेली असली तर निष्कर्षच खोटा निघतो.

ही गाठ सोडवायला अठराव्या शतकातला तो पहिला शब्द लागतो. पळसाला रॉक्सबर्गने 'फ्रोन्डोसा' म्हटलं, पण त्याआधी १७८६ मध्ये लामार्कने त्याला 'एरिथ्रिना मोनोस्पर्मा', म्हणजे एकबीजी, असं नाव दिलेलं होतं. पळसाची शेंग पाहिलीत तर कळेल, टोकाला खरंच एक बी. आधीचं नाव आधी, हा नियम. म्हणून 'मोनोस्पर्मा' टिकलं. बाभळीची प्रजात तर २००५ नंतर बदलली. 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि आपली बाभूळ 'व्हॅचेलिया' झाली. पण 'नायलोटिका' १७५३ पासून जागेवर आहे. आडनाव बदलत राहिलं तरी त्या दुसऱ्या शब्दाला धरून मागे जाता येतं.

दुसरी अडचण कागदाबाहेरची आहे. पावसाळा आला की 'देशी झाडं लावा' म्हणून याद्या फिरतात. नुसतं नाव वाचून कुणी बोर-बाभळीवर काट मारली आणि ग्लिरिसिडिया हिरवीगार दिसते म्हणून ठेवली, तर नुकसान माळाचं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यासारख्या जागी तर मुळात दाट झाडी नकोच असते. तिथलं धन म्हणजे गवत, पायजम्यात घुसणारी कुसळीसुद्धा. तिलाही १७५३ मध्ये नाव मिळालं, 'कॉन्टॉर्टस' म्हणजे पिळलेलं. तिचं कुसळ ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत रुततं. नाव देणाऱ्याने नेमकं तेच टिपलं.

शास्त्रीय नावाला काय दिसत नाही

एवढं सगळं सांगूनही एक गोष्ट राहते. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला विचारा, मालदांडी आणि हुरड्याची गुळभेंडी एकच का? तो तुमच्याकडे बघतच राहील. दाणा वेगळा, कणीस वेगळं, चव वेगळी, कडबा वेगळा. 'सॉर्घम बायकलर' या नावाला मात्र दोन्ही एकच. लिनियसची पद्धत जातीपर्यंत जाते, वाणापर्यंत नाही. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण तयार झाला, तो शास्त्रीय नावावरून नव्हे, शेतकऱ्याने जपलेल्या फरकातून. म्हणून माझ्या नोंदवहीत दोन रकाने असतात. एकात लॅटिन नाव, लेखकाच्या तुटक अक्षरांसकट. दुसऱ्यात त्या गावात म्हणतात ते नाव, जसंच्या तसं.

पुढच्या वेळी झाडावरची पाटी दिसली तर तीन गोष्टी बघा: दुसरा शब्द कोणता, शेवटी कुणाची अक्षरं आहेत, आणि कंस आहे का. लिनियसच्या संग्रहातले नमुने लंडनच्या लिनियन सोसायटीत आहेत आणि त्यांची छायाचित्रं कुणालाही मोबाईलवर फुकट बघता येतात. आणि तुमच्या गावात एकदांडीला चौथं एखादं नाव असेल, तर मला नक्की कळवा. दुसऱ्या रकान्यात अजून जागा आहे.