काच तडकली? आधी तिची कड बघा

(भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

भट्टीत काच जोडायला नव्याने लागलेल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "काढली तेव्हा छान होती, मग तडकली का?" आज त्यावरच बोलू. आणि सुरुवात माझ्याच फजितीपासून.

इथे माधवनगरला घराच्या मागच्या खोलीत माझी विजेवरची छोटी भट्टी आहे. मावशीच्या पंच्याहत्तरीला मी एक तबक केलं. खिडकीच्या काचेचे दोन थर, वर हिरव्या बाटलीच्या काचेची पानं. नवव्या दिवशी तिचा फोन. "अरे, रात्री कपाटात टक् असा आवाज झाला. बघते तर दोन तुकडे. मी हातसुद्धा लावला नव्हता रे." बिचारीला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं.

चूक माझी होती. पण कुठली? अशा वेळी तुकडे फेकून देऊ नका. जाड कापडात धरून तडा जिथे गेलाय ती कड नीट बघा. कड गोलसर, वितळल्यासारखी असेल तर काच तापताना फुटली आणि मग त्याच आचेत कडा मऊ झाल्या. म्हणजे सुरुवातीला घाई झाली. पहिले ५००-५५० अंश सेल्सिअस तासाला १५० च्या आसपास चढवा, जाड कामाला त्याहून सावकाश. कड धारदार असेल तर काच थंड होताना किंवा झाल्यावर फुटली. आता तडा कुठून गेलाय ते बघा. दोन काचांच्या सीमेला धरून गेला असेल तर त्या काचा एकमेकींच्या नाहीत. प्रत्येक काच तापल्यावर किती फुगते आणि निवताना किती आकसते याचं प्रमाण ठरलेलं असतं. खिडकीची एक, बाटलीची दुसरी. एक जास्त ओढते, दुसरी कमी, आणि हा ताण आत कायमचा राहतो. भट्टी कितीही सावकाश थंड करा, तो जात नाही. फ्यूजिंगसाठी मुद्दाम बनवलेल्या काचांवर ९० किंवा ९६ असा आकडा असतो तो याचाच. ९० आणि ९६ एका कामात मिसळायच्या नाहीत.

माझ्या तबकाचा तडा पानाच्या कडेकडेने वळत गेला होता. उत्तर तिथेच मिळालं.

हे आधी कळलं असतं का? हो, आणि फुकटात. दोन्ही काचांचे छोटे तुकडे जोडा, नीट थंड करा. लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून स्क्रीन काळा दिसेपर्यंत फिरवा. मग तो नमुना मध्ये धरा. जोडाभोवती उजेडाचं वलय दिसलं तर आत ताण आहे.

तडा सीमा सोडून आडवा, नागमोडी गेला असेल तर मात्र संशय ॲनीलिंगवर घ्या. म्हणजे काच एका ठरावीक तापमानाला थांबवून आतबाहेर सारखी होऊ देणं, मग हळूहळू उतरवणं. हे शास्त्र आपल्या भागाला नवीन नाही बरं का. सांगलीहून पुण्याच्या गाडीत बसलात तर कराडचं स्टेशन लागतं ते ओगलेवाडीत. तिथे १९१६ साली ओगले ग्लास वर्क्स सुरू झालं, प्रभाकर कंदील तिथलाच. कंदिलाच्या काचेला आतून ज्योत, बाहेरून गार वारा. नीट निववलेली नसेल तर पहिल्याच थंडीत फुटायची. आपल्यासाठी हिशोब असा: खिडकीची काच, एकूण ६ मिलिमीटर जाडी, ५५० अंशांना तासभर थांबा, मग तासाला ८० प्रमाणे ४०० पर्यंत. पुढे भट्टी बंद. आणि झाकण? हात लावू शकाल इतकी गार होईपर्यंत नाही. मोह होतो, मला माहीत आहे.

बाकीचं भराभर. मोठे बुडबुडे म्हणजे थरांमध्ये अडकलेली हवा. साधारण ६८० ला अर्धा-पाऊण तास थांबलं की कडा चिकटायच्या आधी ती निघून जाते. शेल्फला काच चिकटली तर लेप कमी पडला: ॲल्युमिना आणि चिनी मातीचं पातळ मिश्रण चारही दिशांनी लावा, पूर्ण वाळू द्या. एकच ३ मिलिमीटरचा थर आत आकसून कडेला जाड होतो, तो दोष नाही. वितळलेली काच ६ मिलिमीटरच्या आसपास जाडी धरायला बघते, म्हणून दोन थर.

आता पांढरी साय. काच पारदर्शक निघण्याऐवजी वर धुरकट थर येतो. पृष्ठभागावर स्फटिक धरतात. बोटांचे ठसे आणि धूळ हे कारण खरंच. पण मला कितीही पुसून साय यायची. शेवटी मीटर लावून पाहिला तर संध्याकाळी माग जोरात चालू असताना २३० ऐवजी १९० व्होल्ट. भट्टीच्या कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे उरली ६८ टक्के. मग ७०० च्या वर भट्टी रांगत चढते, आणि साय धरते ती नेमकी याच पट्ट्यात. हा पट्टा चढतानाही आणि उतरतानाही लवकर ओलांडायचा असतो. तेव्हापासून मी रात्री अकरानंतर लावतो. साय गेली.

वीज मध्येच गेली तर? झाकण उघडू नका. परत येईल तेव्हा आकडा बघा. ५५० च्या वर असेल तर होतं तिथून पुढे चला. खाली गेला असेल तर पहिल्यासारखंच सावकाश चढवा.

मावशीचं दुसरं तबक झालंय. पानंही त्याच खिडकीच्या काचेची, वरून रंगवलेली. काल लॅपटॉपसमोर धरलं, सगळीकडे काळोख. रविवारी द्यायला जातोय.