जोशी, राम
जोशी, राम : (सु. १७६२–सु. १८१२). उत्तर पेशवाईतील एक श्रेष्ठ शाहीर, लावणीकार व कीर्तनकार. संपूर्ण नाव राम जगन्नाथ जोशी. जन्म सोलापूर येथे. प्राचीन मराठी कवितेचे संतकाव्य, पंतकाव्य आणि तंतकाव्य असे तीन प्रवाह परंपरेने मानले जातात. त्यांपैकी पंतकाव्य हे व्युत्पन्न पंडितांचे आणि तंतकाव्य हे तुणतुण्याच्या तारेवर गाणाऱ्या शाहिरांचे. हे दोन प्रवाह एकाच व्यक्तीच्या वाणीत एकत्र आल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे राम जोशी. स्वतः रचावे, स्वतःच चाल बांधावी आणि भरल्या फडात स्वतःच गावे, ही शाहिराची रीत त्याने स्वीकारली. परंतु शास्त्राध्ययनाचे संस्कारही त्याने टाकले नाहीत. त्याच्या काव्याचे मोठेपण आणि त्याच्या आयुष्यातील ओढाताण या दोहोंचे मूळ येथेच आहे.

राम जोशीचा जन्म देशस्थ ब्राह्मण घराण्यात झाला. घरात वेदशास्त्राची आणि ज्योतिषाची परंपरा होती. वडील बंधू मुद्गल जोशी हे विद्वान व पुराणिक म्हणून गावात मान्यता पावलेले होते. धाकट्या भावानेही हाच वारसा चालवावा, अशी घरची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. रामचे मन मात्र पोथीपेक्षा तमाशाच्या फडात अधिक रमे. सोलापुरात त्या वेळी धोंडी शाहीर याचा फड गाजत होता. राम त्या फडासाठी प्रथम लावण्या रचून देऊ लागला आणि पुढे स्वतःच डफ घेऊन उभा राहिला.

ही घटना त्या काळी किती गंभीर मानली गेली असेल, हे समजण्यासाठी तत्कालीन तमाशाचे स्वरूप लक्षात घ्यावे लागते. ढोलकी, तुणतुणे, मंजिरी व डफ ही त्याची मुख्य वाद्ये. पुढे शाहीर गाई, मागे झीलकरी धृपद उचलून धरीत आणि स्त्रीवेषातील ‘नाच्या पोऱ्या’ नृत्य व अभिनय करी. कलावंत बहुधा समाजाच्या खालच्या मानलेल्या थरांतील असत. प्रेक्षकांत मात्र शिपायापासून सरदारापर्यंत सर्व दर्जांचे लोक असत. ऐकणाऱ्याला जो दोष लागत नसे, तो गाणाऱ्याला लागे. पुराणिकाच्या घरातील मुलाने फडात उभे राहणे, हा कुळाला कलंक मानला गेला. मुद्गल जोशींनी त्याला घराबाहेर काढले, असे त्याच्या परंपरागत चरित्रांत सांगितले आहे.

घर सुटल्यावर राम जोशी पंढरपूरला गेला. तेथे त्याने संस्कृत काव्य, व्याकरण आणि अलंकारशास्त्र यांचे अध्ययन केले. पुराण सांगण्याची आणि कीर्तन करण्याची योग्यता मिळवून तो परतला. तमाशापायी बहिष्कृत झालेल्या या तरुणाने विद्येच्या बळावर पुन्हा प्रतिष्ठा मिळविली. त्यानंतरही त्याने लावणी सोडली नाही. अध्ययनामुळे शाहीर मागे पडला नाही, उलट त्याच्या हाती नवी सामग्री आली.

बारामतीचे पंडित कवी मोरोपंत (१७२९–९४) यांच्याशी आलेला संबंध हा राम जोशीच्या जीवनातील महत्त्वाचा टप्पा होय. मोरोपंतांची आर्या संस्कृतप्रचुर, समासबहुल व यमकांनी जडविलेली असल्याने सामान्य श्रोत्यास ती वाचून सहज उमगत नसे. राम जोशीने कीर्तनात या आर्यांचा मुबलक वापर केला. तो त्या सुरेल कंठाने गाई, पदांची फोड करी आणि कथेच्या ओघात अर्थ उलगडून दाखवी. मोरोपंतांची कविता पंडितांच्या वर्तुळाबाहेर, खेड्यापाड्यांतील श्रोत्यांपर्यंत पोहोचली, याचे बरेचसे श्रेय त्याच्या कीर्तनांना दिले जाते. मोरोपंतांनी त्याला ‘कविप्रवर’ म्हणून गौरविले, असे परंपरा सांगते. एका ज्येष्ठ पंतकवीने तमाशात गाणाऱ्यास कवी म्हणून मान द्यावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

राम जोशीने पोवाड्यांपेक्षा लावणीची रचना अधिक केली. धृपद आणि कडवी अशी लावणीची मांडणी असते. तिची चाल बहुधा अष्टमात्रिक आवर्तनांची असून ती ढोलकीच्या ठेक्याशी बांधलेली असते. शब्द ठेक्यावर पडला नाही, तर फडात लावणी उभी राहत नाही. हे बंधन पाळूनच राम जोशीने तीत पंडिती कवितेची कारागिरी आणली. अनुप्रास, अंतर्यमके, दीर्घ समास आणि श्लेष यांची त्याच्या लावणीत रेलचेल आढळते. ‘छेकापन्हुती’ या अलंकाराचा त्याने केलेला उपयोग या दृष्टीने उल्लेखनीय आहे. या अलंकारात बोलणारी व्यक्ती सूचक वर्णन करते. ऐकणारीने नेमका अर्थ ओळखताच ती चतुराईने दुसऱ्याच वस्तूचे नाव सांगून मूळ अर्थ झाकते. दोन सख्यांच्या संवादात हा अलंकार योजला, की शास्त्रातील एक सूत्र तमाशातील सवालजवाबाच्या जवळ जाऊन बसते. पंडिताला त्यात अलंकार दिसतो, फडातील प्रेक्षकाला गंमत कळते.

विषयांच्या दृष्टीनेही त्याची लावणी एकसुरी नाही. शृंगार हा तिचा मुख्य रस असला, तरी राधाकृष्णाच्या क्रीडा, पौराणिक प्रसंग आणि वैराग्याचा उपदेशही तीत आहे. मनाची शुद्धी नसता जटा, भस्म आणि माळा यांचे अवडंबर माजविणाऱ्यांवर त्याने केलेली टीका विशेष प्रसिद्ध आहे. संस्कृत काव्यपरंपरेचा त्याचा व्यासंग मदालसाचंपू या रचनेतून दिसून येतो.

राम जोशीच्या भाषेवर सोलापूरचा ठसा स्पष्ट आहे. मराठी, कानडी आणि तेलुगू मुलखांच्या सीमेजवळ वसलेल्या या पेठेत या तिन्ही भाषा आणि त्यांच्या जोडीला दक्षिणी हिंदी कानांवर पडत असे. राम जोशीने एकाच लावणीत अनेक भाषा गुंफण्याचे प्रयोग केले. त्यांत संस्कृत आणि कानडी यांसारख्या एकमेकींपासून दूरच्या भाषा एका चालीत नांदतात. अशा रचनांत चमत्कृतीचा भाग मोठा असला, तरी बाजारपेठेत विविध भाषांचे श्रोते एकत्र जमत असल्यामुळे त्यांना व्यावहारिक अर्थही होता. प्रत्येकास आपल्या ओळखीचे काहीतरी ऐकावयास मिळे.

कीर्तन आणि तमाशा या दोन्ही क्षेत्रांत राम जोशीने लौकिक व द्रव्य मिळविले. बया व चिमा या कलावंतिणींची नावे परंपरेने त्याच्या फडाशी जोडली जातात. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) पुणे हे शाहिरांचे मोठे आश्रयस्थान बनले होते. अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांसारखे शाहीर याच काळात नावारूपास आले. राम जोशीलाही पेशव्यांच्या दरबारी मान मिळाला. मिळविलेले धन मात्र त्याच्या हाती टिकले नाही. त्याचे निधन पुणे येथे झाले.

शाहिरांच्या रचना मुख्यतः मुखपरंपरेने आणि गाणाऱ्यांच्या बाडांतून टिकल्या. त्यामुळे त्यांत पाठभेद पुष्कळ आढळतात. इंग्रजी अमदानीत नवशिक्षित वर्गाने लावणी अश्लील ठरवून दूर लोटली. त्याच काळात शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या संग्राहकांनी शाहिरी वाङ्मय छापून ठेवले, म्हणून त्याचा बराच भाग आज उपलब्ध आहे. विसाव्या शतकात म. वा. धोंड, य. न. केळकर आदी अभ्यासकांनी लावणीचा साक्षेपाने विचार केला.

राजकमल कलामंदिराच्या लोकशाहीर राम जोशी (१९४७) या चित्रपटाने राम जोशीचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचविले. त्याचे दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांनी केले. ग. दि. माडगूळकर यांचे लेखन आणि वसंत देसाई यांचे संगीत त्यास लाभले होते. जयराम शिलेदार यांनी राम जोशीची, तर हंसा वाडकर यांनी बयाची भूमिका केली. मराठीतील तमाशापटांची लाट या चित्रपटापासून सुरू झाली, असे मानले जाते. तथापि चित्रपटातील कथानक नाट्याच्या सोयीने रचलेले आहे. त्यास चरित्राचे प्रमाण मानता येत नाही.

राम जोशीनंतर सुमारे शंभर वर्षांनी पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनीही ब्राह्मण कुळात जन्मून तमाशा स्वीकारला आणि त्याबद्दल जातिबहिष्कार सोसला. एवढ्या काळातही समाजाची दृष्टी फारशी बदलली नव्हती, हे यावरून दिसून येते. राम जोशीवर त्याची कविता बोजड, पांडित्यप्रदर्शनाच्या आहारी गेलेली, असा आक्षेप घेतला जातो. काही रचनांपुरता तो यथार्थ आहे. होनाजीचा हळुवारपणा किंवा प्रभाकराची प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची हातोटी त्याच्यात नेहमी आढळत नाही. परंतु ही कविता एकांतात वाचण्यासाठी नव्हे, तर ढोलकीच्या साथीवर ऐकण्यासाठी रचलेली आहे. वाचताना जड वाटणारी शब्दांची रास ठेक्यावर पडताच वेग धरते. पंडिताची आर्या कीर्तनातून लोकांत नेणारा आणि पंडिताची विद्या लावणीतून फडात आणणारा कवी म्हणून मराठी वाङ्मयाच्या इतिहासात राम जोशीचे स्थान स्वतंत्र आहे.