चढा भाव आणि फसवणूक : फिक्हमधील भेद

वस्तू महाग विकली की व्यवहार अन्याय्य झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही नफा आणि नफेखोरी हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. इस्लामी विधिशास्त्राने (फिक्ह) मात्र या दोहोंत स्पष्ट भेद केला आहे, आणि तो केवळ भावाच्या आकड्यावर बेतलेला नाही.

मदिनेत भाव कडाडले असता लोकांनी पैगंबर (स.) यांच्याकडे दर बांधून देण्याची मागणी केली, ती त्यांनी मान्य केली नाही, अशी हदीस अबू दाऊद व तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. (मराठीत रुळलेला 'निरख' हा शब्दही मूळचा फारसी, अर्थ बाजारातला दर.) टंचाईने चढलेला भाव हा विक्रेत्याचा जुलूम नव्हे, असे इमाम इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांचे विवेचन आहे. मात्र लोकांच्या निकडीचा माल अडवून धरणाऱ्याला 'समन-ए-मिस्ल', म्हणजे रास्त बाजारभावाने, विकण्यास भाग पाडावे, असेही ते सांगतात. पहिलेच विधान उद्धृत करून थांबणारे पुष्कळ आढळतात.

उस्मानी राज्यातील 'मजल्ला' (१८६९–१८७६) या संहितेने मोजमापही दिले. जंगम मालात विसावा, जनावरांत दहावा आणि स्थावर मिळकतीत पाचवा हिस्सा इतका फरक पडला, तर तो 'गब्न-ए-फाहिश', म्हणजे भारी ठकवणूक. १,००० रुपयांचे कापड १,०५० रुपयांना विकले की ही मर्यादा गाठली जाते. तरीही केवळ तेवढ्याने विक्री रद्द होत नाही. विक्रेत्याने किमतीविषयी भुलवले असेल, तरच ग्राहकाला ती मोडता येते. अपवाद अनाथांच्या मालमत्तेचा, वक्फचा आणि बैतुलमालचा : तेथे फसवणूक सिद्ध न होताही विक्री टिकत नाही. अनाथ बालकाला स्वतः घासाघीस करता येत नाही, हे लक्षात घेतले की या अपवादाचे मर्म उमगते.

साठेबाजीविषयी (इहतिकार) हनफी इमामांतही मतभेद आहे. इमाम अबू हनीफा ती अन्नधान्यापुरती मानतात. इमाम अबू यूसुफ यांच्या मते, जे अडवल्याने लोकांना इजा पोहोचते ते सर्व तीत येते. वर्गात २०२० चे उदाहरण घेता येईल. त्या मार्चमध्ये केंद्र सरकारने मास्कचा समावेश जीवनावश्यक वस्तूंत केला व तीन पदरी मास्कला १० रुपयांची कमाल मर्यादा घातली. कच्च्या कापडाचा भाव तेव्हा खरोखरच वाढला होता. ही मर्यादा येण्यापूर्वी महागात घेतलेला माल नेहमीच्या नफ्याने विकणारा दुकानदार आणि जुना स्वस्त साठा मागे दडवून तोच भाव लावणारा दुकानदार, दोघांच्या पावतीवर आकडा एकच असू शकत होता. अबू यूसुफ यांच्या व्याख्येत दुसराच बसतो.